रिले पडला, पंखा चालूच

पोस्ट लांब आहे. पण ज्यांच्या घरातली पोरं शटडाऊनच्या कामाला जातात त्यांनी शेवटपर्यंत वाचावी, ही विनंती.

आपल्या साकोली भागात ज्याच्या बांधीवर मोटर आहे त्याला रिले म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. स्टार्टरच्या पेटीत असतो तो. एक फेज गेला, मोटर जास्त करंट ओढायला लागली, की थोड्या वेळात 'टक्' आवाज करून स्टार्टर पाडतो. त्याचं काम तेवढंच. मोटर जळण्याआधी तिला थांबवायचं.

आता उन्हाळी धान उभं आहे, लाइन रात्रीची आहे, आणि स्टार्टर दर दहा मिनिटांनी पडतो आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावरून जाणं-येणं करणारा माणूस तिसऱ्या दिवशी काय करतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कुणाला तरी बोलावतो आणि स्टार्टर 'डायरेक्ट' करून घेतो. रिले पेटीत राहतो, पण त्याला विचारायचं बंद होतं. बांधीत पाणी येतं. काही दिवसांनी मोटर वाइंडिंगवाल्याकडे जाते.

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. रिले खोटं बोलत नव्हता, लाइन खराब आहे हेच सांगत होता. पण लाइन दुरुस्त करणं शेतकऱ्याच्या हातात नाही, स्टार्टर डायरेक्ट करणं आहे. म्हणून तो ते करतो, आणि जळालेल्या मोटरचे पैसेही तोच भरतो.

आज लिहायचं आहे ते अशाच एका 'डायरेक्ट'बद्दल. फक्त ते मोठ्या कारखान्यात होतं. तिथे डायरेक्ट करायला सांगणारा एक असतो, करणारा दुसरा असतो आणि मशीनजवळ उभा राहणारा तिसराच.

मी इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे. चौदा वर्षं झाली, सगळी ठेक्यावर. २०१३ साली साकोलीजवळ मुंडीपारला भेलच्या कारखान्याचं भूमिपूजन झालं तेव्हा आमच्या बॅचला वाटलं होतं, चला, सायकलवर ड्यूटीला जाऊ. कारखाना काही उभा राहिला नाही. पोरं वीज प्रकल्प, स्टील, सिमेंट, जिथे शटडाऊन निघेल तिथे जायला लागली. वीस दिवस इथे, महिनाभर तिथे. या फिरण्यातून एक गोष्ट मात्र नीट कळली: मोठी मशीन आतून कशी बोलते, आणि तिचं बोलणं कुठे अडवलं जातं.

आधी ही यंत्रणा काय असते ते थोडक्यात सांगतो.

वाफेचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे मारतं. त्याचा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर फिरत असतो. बेअरिंगजवळ एक छोटा प्रोब लावलेला असतो. तो शाफ्टला शिवत नाही. लांबून चुंबकीय क्षेत्राच्या मदतीनं अंतर मोजतो आणि त्या अंतराप्रमाणे व्होल्टेज पाठवतो. पंखे, पंप, मोटर यांच्या बेअरिंगच्या घरावर दुसऱ्या प्रकारचे सेन्सर असतात, ते हादरे मोजतात. या सगळ्या वायरी कंट्रोल रूममागच्या खोलीत एका रॅकमध्ये येतात. रॅकमध्ये कार्ड असतात. एक कार्ड मोजतं, एक कार्ड संगणकाशी बोलतं आणि एक असतं रिले मॉड्यूल. कुठे त्यावर चार रिले, कुठे सोळा.

मोजण्याच्या दोन मर्यादा ठरवलेल्या असतात. पहिली ओलांडली की अलर्ट. माणसाला सांगायचं, लक्ष दे. दुसरी ओलांडली की डेंजर. इथे माणसाला विचारायचं नाही, मशीन बंद करायची. कारण बेअरिंग जायला लागलं की कधी कधी सेकंदांचा खेळ असतो, आणि ऑपरेटर त्या वेळी दुसऱ्या स्क्रीनवर असू शकतो, फोनवर असू शकतो, नाहीतर साहेबांना विचारत असू शकतो.

रिले मॉड्यूलचं काम इथे येतं. सेन्सर, केबल, कार्ड, संगणकावरचे रंगीत आलेख ही सगळी माहिती झाली. माहितीनं मशीन थांबत नाही. रिलेचा संपर्क उघडतो किंवा मिटतो आणि ब्रेकरला किंवा वाफेच्या व्हॉल्व्हला हुकूम जातो, तेव्हा मशीन थांबते. लाखो रुपयांच्या यंत्रणेत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जुनाट तंत्राचा भाग हाच. पण संरक्षण म्हणतात ते इथूनच सुरू होतं. याच्या अलीकडचं सगळं नुसतं निरीक्षण.

आता माझी गोष्ट.

एका कारखान्यात, नाव सांगत नाही आणि कुणी अंदाजही बांधू नये, बॉयलरच्या एका मोठ्या पंख्याच्या बेअरिंगवर दोन सेन्सर होते. दोघांपैकी कुणीही डेंजर म्हटलं की पंखा बंद, अशी रचना. रिले 'नॉर्मली एनर्जाइज्ड' होता. म्हणजे सगळं ठीक असताना रिलेला करंट मिळत राहतो आणि संपर्क मिटलेला राहतो. डेंजर आला, वायर तुटली किंवा रॅकची वीज गेली तरी संपर्क उघडतो आणि पंखा थांबतो. चुकलंच तर सुरक्षित बाजूला चुकायचं, हा विचार. उत्तम रचना होती.

पावसाळ्याचे दिवस. दोन दिवसांत तीन वेळा पंखा बंद पडला. पंखा पडला की अर्धा लोड जातो, वरून फोन येतात. एक सेन्सर खोटे झटके देत होता. रात्री मला सांगण्यात आलं, "जंपर टाक रे, सकाळी बघू." मी टर्मिनलवर रिलेच्या संपर्काच्या दोन टोकांमध्ये वीतभर लाल वायर लावली. आता रिले उघडला काय आणि मिटला काय, पुढच्या सर्किटला संपर्क कायम मिटलेलाच दिसणार. मशीन डायरेक्ट झाली. आपल्या बांधीवरच्या मोटरसारखी.

सकाळ झाली, माझी शिफ्ट संपली. चार दिवसांनी आमचा ठेका संपला, मी घरी आलो.

अकरा महिन्यांनी त्याच कारखान्यात शटडाऊनला पुन्हा गेलो. त्याच पॅनलचं दार उघडलं. माझी लाल वायर तिथेच होती. मी बांधलेला टॅग फिका पडला होता, वाचता येत नव्हता.

मी रॅकमधली घटनांची यादी काढली. कुठला चॅनेल कधी डेंजरला गेला, रिले कधी पडला, सगळं तारीख-वेळेसह असतं. अकरा महिन्यांत तो रिले कितीतरी वेळा पडला होता. बहुतेक वेळा एकच चॅनेल, तोच खोटा. पण दोन नोंदी वेगळ्या होत्या. त्यात दोन्ही चॅनेल एकदम डेंजरला गेले होते आणि काही सेकंद तिथेच राहिले होते. दोन वेगळे सेन्सर, दोन वेगळ्या केबल, एकाच क्षणी खोटं बोलत नाहीत. त्या दोन्ही वेळा बेअरिंग खरंच ओरडलं होतं. रिलेनं आपलं काम केलं होतं. 'टक्' आवाज झाला असेल त्या बंद खोलीत. आणि पंखा फिरतच राहिला, कारण मी लावलेली वायर तिथे होती.

शटडाऊनमध्ये बेअरिंग उघडलं तेव्हा ते बदलायच्या लायकीचं झालेलं होतं. ते फुटलं नाही हे नशीब. त्या पंख्याच्या बाजूच्या जिन्यावरून रोज माणसं चढतात-उतरतात.

आणि खोट्या झटक्यांचं कारण? जंक्शन बॉक्समध्ये पाणी शिरलं होतं आणि एक कनेक्टर सैल होता. दुरुस्तीला पंचवीस मिनिटं लागली. पंचवीस मिनिटांचं काम अकरा महिने झालं नाही, कारण जंपर टाकल्यावर त्रास संपला होता. बायपासचा खरा तोटा हाच आहे. नुसतं संरक्षण जात नाही, दुरुस्तीची घाईच निघून जाते.

ती वायर मी काढली. कुणी काही विचारलं नाही. लावतानाही कुठल्या वहीत नोंद नव्हती, काढतानाही झाली नाही. मी दोषी आहे का? आहे. हात माझा होता. पण "नाही टाकत" म्हणालो असतो तर सकाळी गेटपास रद्द झाला असता, हेही तितकंच खरं.

हे आपल्याकडच्याच ढिलाईचं आहे असं कुणी म्हणेल, म्हणून रशियाचं उदाहरण देतो.

येनिसेई नदीवर सायानो-शुशेन्स्काया नावाचं जलविद्युत केंद्र आहे. दहा संच, प्रत्येकी ६४० मेगावॅट. आपल्या शेजारच्या तिरोड्याच्या प्रकल्पात पाच संच आहेत, प्रत्येकी ६६० मेगावॅट, म्हणजे एका संचाचा आकार साधारण तोच. १७ ऑगस्ट २००९ च्या सकाळी तिथल्या दोन नंबरच्या टर्बाइनचं झाकण धरून ठेवणारे बोल्ट तुटले. खालून पाण्याचा दाब आला, झाकण आणि रोटर वर फेकले गेले, यंत्रघरात पाणी भरलं. ७५ माणसं गेली.

चौकशीत काय निघालं? अपघाताच्या आधी टर्बाइनच्या बेअरिंगचं कंपन ८४० मायक्रॉनपर्यंत गेलं होतं. परवानगी होती १६० ची. म्हणजे पाच पटींच्या वर. तपासलेल्या ४९ बोल्टांपैकी ४१ मध्ये थकव्याच्या जुन्या भेगा होत्या, सहांना नटच नव्हते. आणि कंपन मोजणारी यंत्रणा? ती बसवलेली होती. त्याच वर्षी बसवली होती. पण रीतसर कामात घेतलेली नव्हती, निर्णय घेताना तिच्याकडे कुणी बघत नव्हतं. मोजणं होतं, थांबवणं नव्हतं.

माझ्या वीतभर वायरीमध्ये आणि तिथल्या न जोडलेल्या यंत्रणेमध्ये तत्त्वाचा फरक मला तरी दिसत नाही. फरक एवढाच की आमचं बेअरिंग टिकलं.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर ही पोस्ट एकतर्फी होईल.

कारखान्यातले इंजिनिअर काही दुष्ट नसतात. ६६० मेगावॅटचा संच एक तास बंद राहिला तर ६ लाख ६० हजार युनिट वीज गेली. युनिटला चार रुपये धरले तरी सव्वीस लाखांच्या वर. संच पुन्हा चालू करायला तेल जाळावं लागतं, कित्येक तास जातात. दर वेळी मशीन गरम-थंड होते, तिचंही आयुष्य कमी होतं. खोट्या सिग्नलवर मशीन पडणं हेही नुकसानच आहे. त्यामुळे खोटे ट्रिप टाळायला हवेत, याला माझा विरोध नाही.

पण ते टाळायचे योग्य मार्ग आहेत, आणि ते रिले मॉड्यूलच्या आतच आहेत. एका सेकंदाच्या झटक्यावर न पडता कंपन तीन सेकंद टिकलं तरच पडायचं, असा विलंब देता येतो. सुरू होताना मशीन तिच्या नैसर्गिक कंपनाच्या वेगातून जाते तेव्हा मर्यादा तेवढ्यापुरती वाढवता येते. एकाऐवजी दोन सेन्सर 'हो' म्हणाले तरच बंद करायचं, असं मतदान लावता येतं.

या मतदानातही एक खड्डा आहे, तो पोरांनी नीट समजून घ्यावा. दोघांचं मत लागतं असं ठरवलं आणि एक सेन्सर नादुरुस्त झाला किंवा बायपास केला, तर काय? एका प्रकारच्या सेटिंगमध्ये नादुरुस्त सेन्सरला मतदानातून बाहेर काढतात आणि उरलेल्या एकाचं मत पुरतं. दुसऱ्या प्रकारात बायपास केलेल्याचं मत कायम 'नाही' धरलं जातं. मग उरलेला कितीही ओरडला तरी मशीन थांबणार नाही, कारण दोन मतं कधी होणारच नाहीत. बाहेरून दोन्ही सेटिंग सारख्याच दिसतात. रॅकवर हिरवे दिवे, स्क्रीनवर सुंदर आलेख. आत मात्र एकात संरक्षण आहे आणि दुसऱ्यात नाही. तुम्ही ज्या कारखान्यात काम करता तिथे कुठलं सेटिंग आहे, विचारलंय कधी? मी पहिली सहा वर्षं विचारलं नव्हतं.

थोडक्यात, खोटा ट्रिप टाळण्यासाठी विचार करून केलेलं सेटिंग वेगळं आणि रात्री दोन वाजता टाकलेला जंपर वेगळा. पहिल्यावर कुणाची तरी सही असते. दुसऱ्यावर नसते.

सहीवरून कायद्याकडे येतो.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १११ व्या कलमात लिहिलं होतं की सुरक्षेसाठी ठेवलेल्या कुठल्याही साधनात कामगारानं मुद्दाम ढवळाढवळ करू नये, केली तर शिक्षा. २०२० च्या नव्या संहितेतही कामगाराच्या कर्तव्यांत हे कायम आहे. म्हणजे जंपर टाकणारा हात कायद्याला स्पष्ट दिसतो. जंपर टाक म्हणणारं तोंड दिसायला मात्र लेखी नोंद लागते, आणि नोंद नसते. मालकाची सर्वसाधारण जबाबदारी सांगणारं कलम १९८७ मध्ये आलं, भोपाळनंतर. भोपाळमध्येही वायू जाळून टाकणारी चिमणी दुरुस्तीसाठी पाइपपासून तोडून ठेवलेली होती आणि टाकी थंड ठेवणारी यंत्रणा बंद होती. साधनं होती, जोडलेली नव्हती. चाळीस वर्षं झाली, आणि आपण अजून साधन 'बसवलं आहे का' एवढंच विचारतो. 'जोडलेलं आहे का' हे विचारत नाही.

भंडारा जिल्ह्याला हे वेगळं सांगायची गरज नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा रुग्णालयातल्या आगीत दहा तान्ही बाळं गेली. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतल्या स्फोटात आठ जण गेले. या दोन्ही घटना वेगळ्या आहेत, त्यांचा कंपनाशी आणि माझ्या रिलेशी संबंध मी जोडत नाही. सांगायचं एवढंच की चौकशी समिती नेहमी नंतर येते. नंतर येणाऱ्या गोष्टी आपल्या जिल्ह्यानं पुष्कळ पाहिल्या. आधी काम करणारी जी वस्तू आहे, तिच्याबद्दल कधी तरी बोलू या.

आणि हे फक्त मोठ्या प्रकल्पांचं नाही. साकोली, लाखनीपासून गोंदियापर्यंत राईस मिल आहेत. कोंडा ओढणारा पंखा, एलिव्हेटर, पॉलिशर. पंख्याच्या पात्यांवर कोंडा एका बाजूला साचला की तोल जातो, हादरे वाढतात, फाउंडेशनचे बोल्ट सैल होतात. मिलमधला जुना माणूस पत्र्यावर हात ठेवून सांगतो, "आज पंखा बरोबर नाही जी." तो हात म्हणजेच त्या मिलचा सेन्सर. पण तो माणूस सुट्टीवर गेला की सेन्सरही सुट्टीवर. पंधरा ते पंच्याहत्तर किलोवॅटच्या मशीनसाठी कंपनाचा जुना आंतरराष्ट्रीय तक्ता आहे. त्यात सेकंदाला ७.१ मिलिमीटरच्या वर गेलेलं कंपन धोक्याचं धरलं आहे. मिलला रॅक-बिक नको, एक कंपन-स्विच पुरे. मर्यादा ओलांडली की त्याचा रिले मोटरचा स्टार्टर पाडतो. बस. नव्या संहितेत विजेवर चालणारा कारखाना व्हायला वीस कामगार लागतात. त्यामुळे बऱ्याच छोट्या मिल कारखाना म्हणून मोजल्याच जाणार नाहीत. तिथे कायदा येण्याची वाट न बघता मिलमालकांच्या संघटनेनंच हे मनावर घ्यावं.

तर माझं म्हणणं काय आहे? पाच गोष्टी.

एक. प्रत्येक कारखान्यात बायपासची वही असावी. कुठला रिले, कुणी सांगितलं, कुणी केलं, का, आणि किती वाजेपर्यंत. दोन सह्या. मुदत त्या शिफ्टपुरती. पुढच्या शिफ्टला हवा असेल तर पुढच्या इंजिनिअरनं नव्यानं सही करावी. अकरा महिने म्हणजे दिवसाला तीन शिफ्ट धरून जवळपास हजार सह्या झाल्या असत्या. हजार सह्या करण्यापेक्षा पंचवीस मिनिटांत कनेक्टर घट्ट करणं कुणालाही सोपं वाटलं असतं.

दोन. बायपास कंट्रोल रूमच्या स्क्रीनवर सतत दिसला पाहिजे. पॅनलच्या दाराआडची वायर कुणाला दिसत नाही, म्हणूनच ती टिकते.

तीन. दर शटडाऊनमध्ये रिलेची चाचणी शेवटपर्यंत करा. बहुतेक ठिकाणी सेन्सरच्या जागी खोटा सिग्नल देतात, रॅकवर लाल दिवा लागला की 'ओके' लिहून पुढे जातात. ब्रेकर खरंच पडला का, व्हॉल्व्ह खरंच मिटला का, हे बघत नाहीत. रिलेचे संपर्क धुळीनं, गंजानं अडतात, कधी चिकटून बसतात. दिवा लागणं म्हणजे मशीन थांबणं नव्हे.

चार. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचे अधिकारी तपासणीला येतात तेव्हा हेल्मेट, बूट, जाळ्या बघतात. बघावंच. पण सोबत एकच प्रश्न विचारावा, "आज या क्षणी तुमच्याकडे किती संरक्षण बायपास आहेत, यादी दाखवा." ज्या कारखान्यात यादी लगेच मिळते तो बरा. जिथे "एकही नाही साहेब" असं उत्तर येतं, तिथे पॅनल उघडून बघा.

पाच. ठेक्यावरच्या माणसाला "लेखी द्या" म्हणण्याचा हक्क हवा, आणि तसं म्हटल्याबद्दल त्याचा गेटपास जाऊ नये. जिवाला धोका आहे असं वाटलं तर मालकाला आणि त्याच वेळी निरीक्षकालाही कळवण्याचा हक्क नव्या संहितेनं दिला आहे. पण ज्याचं काम वीस दिवसांचं आहे तो हा हक्क वापरणार कसा? प्रकल्पाच्या ठेक्याच्या अटींमध्येच हे लिहिलं गेलं पाहिजे. आपल्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी रोजगार मागताना ही अटही मागावी. नुसती नोकरी नको, "नाही" म्हणता येईल अशी नोकरी हवी.

कुणी म्हणेल, एवढ्याशा रिलेवर एवढी मोठी पोस्ट? हो. कारण हा प्रश्न तंत्राचा कमी आणि सवयीचा जास्त आहे. त्रास देणारी वस्तू बंद करायची आणि त्रासाचं कारण तसंच ठेवायचं, ही सवय आपल्याला बांधीवरच्या स्टार्टरपासून लागलेली आहे. बांधीवर मोटर जळते. कारखान्यात माणूस जळू शकतो.

आयटीआय करून यंदा पहिल्यांदा शटडाऊनला निघालेल्या पोरांना एवढंच सांगतो. भाऊ, जंपर टाकायला सांगतील. तुझ्या जागी मीही नाही म्हणू शकलो नव्हतो, म्हणून तुला मोठ्या गोष्टी सांगत नाही. पण टाकलाच तर आपल्या डायरीत तारीख, वेळ, टर्मिनल नंबर आणि सांगणाऱ्याचं नाव लिही. साहेबाला फोनवर मेसेज कर, "साहेब, सांगितल्याप्रमाणे जंपर लावला आहे, काढायचा आहे." मेसेज राहतो. शिफ्ट सोडताना पुढच्याला तोंडानं सांग. आणि ठेका संपायच्या दिवशी, गेटबाहेर पडण्याआधी, ते पॅनल एकदा उघडून बघ.

मी बघितलं नव्हतं. अकरा महिने लागले.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी आपले अनुभव कमेंटमध्ये लिहा. कारखान्याचं किंवा माणसाचं नाव लिहू नका, काय झालं आणि कसं सुटलं एवढंच लिहा. शिकायला तेवढं पुरतं.